मुलांकडे परदेशी जाताना: व्हिजिटर व्हिसाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं परदेशात राहणाऱ्या मुलामुलींना भेटायला निघालेल्या आईवडिलांची आहेत. प्रत्येकाचा देश वेगळा, पण चिंता एकच: कागद पुरतील का? व्हिसा अधिकारी तुम्ही किती श्रीमंत आहात हे मोजत नाही. तुमच्या खात्यातला पैसा कुठून आला आणि ठरलेल्या दिवशी तुम्ही परत का याल, हे दोन प्रश्न त्याच्यासमोर असतात. कागदांतून या दोहोंची उत्तरं मिळाली पाहिजेत आणि एका कागदावरचं उत्तर दुसऱ्या कागदाशी जुळलं पाहिजे. खाली दिलेली शुल्कं आणि मुदती बदलत असतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी त्या त्या सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर आकडा एकदा पाहून घ्या.

प्रश्न : आम्ही वाळवा तालुक्यातले शेतकरी. चार एकर ऊस, दोन म्हशी. मुलगा ब्रिटनमध्ये लेस्टरला नोकरीला आहे. तिकिटांचा खर्च तोच करणार. शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून आम्ही कधी इन्कम टॅक्स रिटर्न भरलं नाही. एजंट म्हणतो, रिटर्नशिवाय व्हिसा होणारच नाही, तीन वर्षांची रिटर्नं एकदम भरून टाका. खरं काय? — एक शेतकरी दांपत्य, जि. सांगली

उत्तर : व्हिसासाठी म्हणून घाईघाईने रिटर्नं भरू नका. ब्रिटनच्या स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसाला रिटर्न सक्तीचं नाही. एकाच आठवड्यात भरलेली तीन वर्षांची रिटर्नं, तीही खात्याशी न जुळणारी, उलट संशय वाढवतात. तुमच्याकडे त्याहून चांगले पुरावे आहेत. ते नीट लावायला हवेत, एवढंच.

पहिला पुरावा साखर कारखान्याच्या ऊस बिलांचा. गेल्या दोन गळीत हंगामांची बिलं घ्या. दुसरा पुरावा ती रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा उतारा. इथेच बहुतेक शेतकऱ्यांचे अर्ज अडतात. नोकरदार माणसाला सहा महिन्यांचा उतारा पुरतो, कारण पगार दर महिन्याला येतो. उसाचे पैसे हंगामात एक-दोन हप्त्यांत येतात. ऑगस्टमध्ये सहा महिन्यांचा उतारा काढला, तर त्यात पहिला हप्ता सापडणारच नाही. म्हणून उतारा पूर्ण बारा महिन्यांचा द्या. बिलातून विकास सोसायटीचं पीककर्ज वळतं होत असेल, तर बिलावरची रक्कम आणि खात्यात जमा झालेली रक्कम वेगळी दिसते. हा फरक अधिकाऱ्याला आपोआप कळणार नाही. सोबतच्या पत्रात दोन ओळींत लिहा: एकूण बिल इतकं, कर्जवसुली इतकी, हाती आले इतके. उताऱ्यावर त्या नोंदीपुढे पेनाने खूण करा. दुधाची दर दहा दिवसांची बिलं असतील तर तीही लावा. रक्कम लहान असली तरी ती वर्षभर नियमित येते, हे महत्त्वाचं.

जमिनीसाठी डिजिटल सहीचा सातबारा आणि आठ-अ काढा. ते मराठीत असतात आणि ब्रिटनला इंग्रजी किंवा वेल्श सोडून इतर भाषेतल्या प्रत्येक कागदाचं पूर्ण भाषांतर लागतं. त्या भाषांतरावर हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे असं विधान, तारीख, भाषांतरकाराचं पूर्ण नाव, सही आणि संपर्काचा तपशील हवा. यातलं काही नसेल तर तो कागद विचारात घेतला जाईलच असं नाही. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. भाषांतरात तेच ठेवा आणि कंसात एकर लिहायला सांगा. सातबारा सामाईक असेल तर तुमच्या वाट्याचं क्षेत्र पत्रात स्पष्ट करा. नाहीतर पाच भावांची जमीन तुम्ही स्वतःची म्हणून दाखवली, असा अर्थ निघू शकतो.

अर्जात उत्पन्न विचारतात तेव्हा ते कोणत्या काळाचं मागितलंय ते नीट वाचा. महिन्याच्या रकान्यात वर्षाचा आकडा लिहिला, तर पुढचा सगळा अर्ज खोटा वाटू लागतो. वर्षाला चार लाख ऐंशी हजार असतील, तर महिन्याला चाळीस हजार. घरखर्चही विचारतात. तो उत्पन्नाच्या प्रमाणात आणि खरा लिहा.

खर्च मुलगा करणार असेल, तर त्याचं सहीचं पत्र, गेल्या काही महिन्यांच्या पगारपावत्या, बँक उतारा, त्याच्या तिथल्या वास्तव्याच्या परवानगीचा पुरावा आणि घरभाड्याचा करार लागेल. नात्याच्या पुराव्यासाठी त्याच्या पासपोर्टचं शेवटचं पान उपयोगी पडतं, कारण त्यावर आईवडिलांची नावं छापलेली असतात. पण फक्त मुलाचेच कागद जोडून थांबू नका. अर्जदार तुम्ही आहात. परत येण्याचं कारण तुमच्या बाजूने दिसलं पाहिजे, आणि शेतकऱ्याकडे ते पिकाच्या वेळापत्रकात आयतं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये आडसाली लागण करायची असेल, तर एप्रिलच्या शेवटी जाऊन जूनमध्ये परत यायचं ठरवा. तसं पत्रात लिहा. तेवढे दिवस पाणी आणि जनावरं कोण पाहणार, तेही लिहा. व्हिसा सहा महिने राहायची परवानगी देतो म्हणून सहा महिने मागण्याची गरज नाही.

दोघांचे अर्ज वेगळे, ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर. प्रवासाच्या आधी जास्तीत जास्त तीन महिने अर्ज करता येतो. बोटांचे ठसे मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रात देता येतात. त्यानंतर निर्णयाला साधारण तीन आठवडे लागतात.

प्रश्न : खात्यात किती रक्कम असावी? सोसायटीतल्या एकांनी सांगितलं, महिनाभर आठ लाख ठेवायचे, मग काढून घ्यायचे. — निवृत्त बँक कर्मचारी, ठाणे

उत्तर : असं करू नका. उतारा वाचणारा माणूस शेवटची शिल्लक नंतर पाहतो. आधी तो जमा होणाऱ्या मोठ्या रकमा शोधतो. तीस-चाळीस हजारांचं पेन्शन येणाऱ्या खात्यात अर्जाच्या तीन आठवडे आधी आठ लाख आले, तर ते उसने आहेत असं तो धरून चालतो. नकाराच्या पत्रांत हे कारण वारंवार दिसतं.

अमेरिका आणि ब्रिटन ठराविक आकडा सांगत नाहीत. शेंगेनमधले, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपातले देश दर दिवसाला किती रक्कम हवी ते आपापल्या संकेतस्थळावर देतात. तुमचा हिशोब असा मांडा: तिकीट, विमा, राहणं, रोजचा खर्च. ही बेरीज तुमच्या नेहमीच्या बचतीतून भागते असं दिसलं की पुरे. मुदत ठेव बचत दाखवते, पण प्रवासाचा खर्च चालू बचत खात्यातून होतो, म्हणून दोन्ही दाखवा. रक्कम खरोखरच नुकती आली असेल, म्हणजे ठेव मुदतपूर्ण झाली किंवा प्लॉट विकला, तर घाबरायचं कारण नाही. ठेवीची पावती किंवा खरेदीखताची प्रत त्या नोंदीसोबत लावा. मुलाने पाठवले असतील तर तसं सांगा आणि त्याच्या खात्यातून गेल्याची नोंद जोडा.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका. मुलगा अमेरिकेत आहे. त्याने शपथपत्र, घराचे कागद, कंपनीची पत्रं अशी जाडजूड फाइल पाठवली आहे. मुलाखतीत इंग्रजी येत नसेल तर? आणि माझ्या ८१ वर्षांच्या सासूबाईंना मुलाखत माफ असते ना? — सातारा

उत्तर : आधी सासूबाईंचं. पूर्वी ७९ वर्षांवरच्या अर्जदारांना मुलाखतीतून सूट होती. सप्टेंबर २०२५ पासून ती गेली. आता वयाने ऐंशी ओलांडलेली असली तरी साधारणपणे यावं लागतं. जुना पूर्ण मुदतीचा बी-१/बी-२ (म्हणजे पाहुण्यांचा) व्हिसा असेल आणि तो संपून बारा महिने उलटले नसतील, तर नूतनीकरणाला मुलाखतीशिवाय अर्ज करता येऊ शकतो. सासूबाईंना चालायला त्रास असेल तर दोघींच्या वेळा एकत्र घ्या.

आता अर्जाचं. डीएस-१६० हा ऑनलाइन फॉर्म इंग्रजीतच भरायचा. तो बराच वेळ तसाच सोडला तर बंद पडतो, म्हणून सुरुवातीलाच मिळणारा अर्जक्रमांक लिहून ठेवा आणि प्रत्येक पान जतन करत जा. फोटो चौरस, दोन इंच बाय दोन इंच, पांढरी पार्श्वभूमी, चष्मा न लावता. गेल्या पाच वर्षांत वापरलेली समाजमाध्यमांची खाती विचारतात. फेसबुक वापरत असाल तर ते लिहा. तुमच्यासाठी कोणी ग्रीन कार्डचा अर्ज केला आहे का, हाही प्रश्न असतो. मुलगा तिथला नागरिक असेल आणि त्याने तो केला असेल, तर उत्तर ‘हो’ असंच द्या. ती नोंद त्यांच्याकडे असतेच.

शुल्क १८५ डॉलर, नकार आला तरी परत मिळत नाही. पावतीवर एका वर्षाच्या आत मुलाखतीची वेळ घ्यावी लागते. वेळ घेताना दिलेला डीएस-१६० चा क्रमांक आणि मुलाखतीला नेलेल्या पानावरचा क्रमांक एकच हवा. चूक दुरुस्त करायला नवा फॉर्म भरला की क्रमांक बदलतो, आणि तो अपॉइंटमेंटमध्ये बदलायचा राहून जातो. दारातून परत यावं लागतं ते याचमुळे. मुंबईत दोन फेऱ्या असतात: आधी अर्ज केंद्रात ठसे आणि फोटो, नंतर वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत. तिथे मोबाइल नेता येत नाही. तो ठेवायची सोय घरूनच ठरवून निघा.

मुलाखत मराठीत होते. खिडकीपाशी तसं सांगा. ती बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांची असते आणि फाइल उघडलीच जात नाही. मुलाचं शपथपत्र किंवा निमंत्रण या व्हिसाला आवश्यक नाही, आणि त्याच्या पगारावर तुमचा व्हिसा ठरत नाही. अमेरिकेच्या कायद्यातलं २१४(ब) हे कलम प्रत्येक अर्जदाराला तिथे कायमचं राहायला आलेला समजूनच सुरुवात करतं. तसं नाही हे तुम्हाला पटवून द्यायचं असतं. मुलगा कुठे राहतो, काय करतो, त्याचा व्हिसा कोणता, तुम्ही किती दिवस राहणार, पेन्शन किती, घरी कोण आहे, आधी परदेशी गेला होतात का, अशा प्रश्नांची खरी आणि छोटी उत्तरं द्या. किती दिवस जाणार या प्रश्नावर ‘बघू, मुलगा ठेवेल तितके’ हे उत्तर मायेचं असलं तरी घातक आहे. ‘दहा आठवडे, दिवाळीच्या आधी परत’ असं सांगा. मुलाच्या कंपनीचं नाव आणि शहर पाठ नको, पण माहीत हवं.

फाइल नेऊ नका असं नाही. पेन्शन आदेश, पासबुक, घराची कर पावती, मुलाच्या व्हिसाची प्रत एवढं पातळ पाकीट जवळ असू द्या. २१४(ब) खाली नकार आला तर अपील नसतं. पुन्हा शुल्क भरून अर्ज करता येतो, पण परिस्थितीत काही बदल नसताना महिन्याभरात तेच कागद घेऊन जाण्यात पैसे वाया जातात. २२१(ग) ची चिठ्ठी मिळाली, तर काहीतरी कागद किंवा तपासणी बाकी आहे असा अर्थ. चिठ्ठीवर लिहिलेलं तेवढंच करा.

व्हिसा सहसा दहा वर्षांचा मिळतो, म्हणजे दहा वर्षांत कधीही जाता येतं. एका भेटीत किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुतेकदा सहा महिने. उतरल्यावर मुलाला आय-९४ ची नोंद ऑनलाइन काढायला सांगा. त्यावरची तारीख ही शेवटची. ती एका दिवसाने ओलांडली तरी तो व्हिसा रद्द ठरतो.

प्रश्न : नातवाला सांभाळायला जातेय असं सांगितलं तर व्हिसा नाकारतात का? — कोथरूड, पुणे

उत्तर : ब्रिटनच्या मार्गदर्शनात स्पष्ट आहे की थोड्या काळासाठी घरातलं मूल सांभाळायला आलेली आजी पाहुणी म्हणून येऊ शकते, फक्त ती दाईची नोकरी होता कामा नये. अमेरिकेतही पैसे घेऊन काम चालत नाही. लेकीचं बाळंतपण आहे, दोन महिने तिच्यापाशी राहायचंय, हे सरळ सांगा. सून कामावर जाणार म्हणून सहा महिने आजी, मग लगेच पुढचे सहा महिने व्याही, अशी पाळी लावलेली दिसली तर ती भेट वाटत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला विमानतळावर यावरून विचारणा होते.

प्रश्न : पासपोर्टवर माझं माहेरचं नाव आहे, आधार आणि पॅन सासरच्या नावाने. आधी पासपोर्ट बदलू का? — नाशिक

उत्तर : लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलण्याची सक्ती नाही. व्हिसाचा अर्ज आणि विमानाचं तिकीट दोन्ही पासपोर्टवरच्या नावानेच करा, अक्षर न् अक्षर. ‘आधी वापरलेली किंवा इतर नावं’ अशा अर्थाचा रकाना बहुतेक देशांच्या अर्जात असतो. सासरचं नाव तिथे लिहा आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा.

आपल्याकडे खरा घोळ मधल्या नावाचा होतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक पासपोर्टांवर स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकाच रकान्यात असतं. अर्जातही ती दोन्ही त्याच क्रमाने पहिल्या नावाच्या रकान्यात लिहा. मधलं नाव वेगळं काढू नका. पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असेल तर अमेरिकेच्या अर्जात संपूर्ण नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लिहायचं असतं. अशा एकशब्दी नावावर संयुक्त अरब अमिरात २०२२ च्या नोव्हेंबरपासून भेटीचा व्हिसा देत नाही. दुबईमार्गे थांबत जाणार असाल तर आधी पासपोर्ट दुरुस्त करून घ्या. लक्ष्मीचं स्पेलिंग एकीकडे एक्सने आणि दुसरीकडे केएसएचने, एवढ्या फरकाला दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र पुरेसं होतं.

प्रश्न : आम्ही चौघं, मुलं नऊ आणि चार वर्षांची. मे महिन्यात पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंड पाच, इटली तीन. व्हिसा कोणत्या देशाचा? — पिंपरी-चिंचवड

उत्तर : जिथे सर्वांत जास्त रात्री, त्या देशाचा. तुमच्या बाबतीत स्वित्झर्लंड. रात्री समसमान असत्या, तर जिथे प्रथम उतरता तो देश. फ्रान्सची अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिकडे अर्ज करायचा आणि हॉटेलं स्वित्झर्लंडची जास्त लावायची, हे पहिल्याच पानावर पकडलं जातं. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण २९ देशांच्या शेंगेन क्षेत्रात आहे. तिन्ही देशांना एकच व्हिसा चालतो.

अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी केलेला असावा. निर्णयाला साधारण पंधरा दिवस, क्वचित पंचेचाळीस लागतात. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत तारीख धरा, कारण उन्हाळी सुट्टीत अख्खा महाराष्ट्र रांगेत असतो. शुल्क प्रौढांना ९० युरो, सहा ते बारा वयाला ४५, सहाखाली काही नाही. म्हणजे तुमचे २२५ युरो, शिवाय केंद्राचं सेवाशुल्क. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. तुमचे दिले की ५९ महिने पुन्हा वापरता येतात.

पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा आणि दोन पानं कोरी. मुलांचे पासपोर्ट आधी तपासा. त्यांची मुदत सहसा पाचच वर्षांची असते आणि घरात तीच विसरली जाते. विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोचं आणि संपूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी हवं. त्यात तातडीचे उपचार आणि मायदेशी परत आणण्याचा खर्च धरलेला असला पाहिजे. पॉलिसीची तारीख निघण्याच्या दिवसापासून परतीच्या दिवसापर्यंत अखंड हवी. भारतातून रात्री अकराला निघून दुसऱ्या दिवशी पोहोचणारे लोक एक दिवस चुकवतात. विमानाचं आरक्षण दाखवा, पण परत न मिळणारं तिकीट व्हिसाआधी काढू नका. पॅरिस ते झुरिच आणि तिथून मिलान कसे जाणार, ते दिवसवार तक्त्यात लिहा. मधल्या एका रात्रीचं हॉटेल नसणं ही सगळ्यांत जास्त दिसणारी त्रुटी आहे.

हा व्हिसा नीट वापरून वेळेत परत या. तीन वर्षांत असे दोन व्हिसा झाले, की भारतीयांना एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांचा आणि त्यापुढे पाच वर्षांचा अनेक फेऱ्यांचा व्हिसा मिळू शकतो. पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असावी लागते.

प्रश्न : कॅनडाचा व्हिसा नाकारला गेला. नंतर कळलं की एजंटने आमचा अमेरिकेचा जुना नकार अर्जात लिहिलाच नव्हता. आता काय? मुलगी तिथली कायम रहिवासी आहे. — डोंबिवली

उत्तर : हे लगेच दुरुस्त करा. अर्जावरची जबाबदारी कायद्याने तुमची असते, भरला कोणीही असला तरी. माहिती लपवल्याचं ठरलं तर कॅनडात पाच वर्षं अर्ज करता येत नाही. अशा गोष्टीला ब्रिटनमध्ये दहा वर्षांची बंदी येऊ शकते आणि अमेरिकेत अपात्रता आयुष्यभराची. कुठलाही जुना नकार हा स्वतः मोठा दोष नाही. तो दडवला, की तो दोष होतो.

आधी एजंटकडून अर्जाची पूर्ण प्रत आणि खात्याचा पासवर्ड घ्या. नकाराच्या पत्रात कारण त्रोटक असतं. अधिकाऱ्याने लिहिलेला तपशील हवा असेल, तर मुलगी तुमच्या लेखी संमतीने पाच डॉलर भरून माहिती अधिकाराखाली तो मागवू शकते. त्यानंतरच नवा अर्ज करा. सोबत एक पत्र द्या: आधीच्या अर्जात अमुक वर्षाचा अमेरिकेचा नकार राहिला होता, तो असा होता.

मुलगी कायम रहिवासी असल्याने आईवडिलांसाठी असलेल्या सुपर व्हिसाचाही विचार करा. त्यात एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. त्यासाठी तिचं उत्पन्न तिथल्या सरकारच्या किमान पातळीइतकं हवं, तिचं लेखी निमंत्रण हवं, तुमची नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी हवी आणि किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा, एक वर्षाचा वैद्यकीय विमा हवा. साठी ओलांडलेल्या, रक्तदाब-मधुमेह असलेल्या माणसाला हा विमा चांगलाच महाग पडतो. दोन-तीन महिन्यांचीच भेट असेल तर साधा व्हिजिटर व्हिसा पुरतो: शुल्क १०० डॉलर आणि ठशांचे ८५. आधीच्या अर्जाला दिलेले ठसे दहा वर्षं चालतात, म्हणून ते ८५ या वेळी पुन्हा भरावे लागणार नाहीत. एजंटने मागितले तर देऊ नका.